टॅरो शिकवा, पण कार्डांना काही कळत नाही हे आधी शिकवा

आमच्या गोरेगावच्या सोसायटीत महिला मंडळाने दोन रविवारचा टॅरो क्लास, म्हणजे चित्रांचे पत्ते मांडून भविष्य बघायला शिकवणारा क्लास, ठेवायचं ठरवलं. हॉल सोसायटीचाच, फी अडीच हजार, शिकवणाऱ्या बाई अंधेरीहून येणार आणि शेवटी सर्टिफिकेट. नोटीस लागली त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते चार दिवस थांबलं नाही. बी विंगमधले एक काका आहेत, निवृत्त शिक्षक, त्यांनी लिहिलं की सोसायटीच्या हॉलमध्ये अंधश्रद्धेचा बाजार नको, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या ते आपण इतक्यात विसरलो का. त्यावर चौथ्या मजल्यावरच्या ताईंनी विचारलं की मग त्याच हॉलमध्ये सत्यनारायण कसा चालतो. मग कोणीतरी म्हणालं श्रद्धेला हात घालू नका, एकीने लिहिलं तिला सांगितलेलं सगळं खरं ठरलंय, दुसऱ्याने लिहिलं त्याची आत्या तीस हजाराला फसली, आणि गाडी तिथेच गोल गोल फिरत राहिली. शंभराच्या वर मेसेज झाले असतील आणि एकातही हा प्रश्न नव्हता की हा क्लास करून बाहेर पडलेली बाई उद्या जिच्यासमोर कार्डं मांडून बसणार आहे, तिचं काय?

मी स्वतः टॅरो शिकलेय, सहा वर्षं झाली. लोकांसाठी कार्डं काढते, आधी फुकट, मग काही वर्षं पैसे घेऊन, आता परत बहुतेक फुकटच. म्हणून या भांडणात मला गप्प बसवत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. टॅरो शिकायला आणि दुसऱ्यासाठी कार्डं वाचायला माझा विरोध नाही, पण कार्डांना भविष्य कळत नाही, नवऱ्याच्या मनातलं कळत नाही, पोटातलं कळत नाही, काहीच कळत नाही, हे शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी मान्य केलं पाहिजे आणि प्रत्येक रीडिंगच्या आधी समोरच्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे. ज्याला हे सांगणं जमत नाही त्याने स्वतःपुरती खुशाल कार्डं काढावीत, दुसऱ्यासमोर बसू नये. खरं की खोटं यावर भांडत बसलो की हा मुद्दा बाजूलाच राहतो, कारण खरं म्हणणाऱ्यांना शिकणाऱ्यावर कसलंच बंधन नको असतं आणि खोटं म्हणणाऱ्यांना शिकणाऱ्याशी बोलायचंच नसतं.

हे मला क्लासमध्ये कोणी शिकवलं नाही, लेडीज डब्यात कळलं. चर्चगेटच्या सकाळच्या लोकलला आमचा ग्रुप आहे, दहा-बारा जणी, कोणी मटार सोलतंय, कोणी झोपतंय, आणि मी शिकून आले तेव्हा महिनाभर सगळ्यांना माझ्याकडून कार्डं काढून घ्यायची होती. मांडीवर पर्स आडवी ठेवायची, त्यावर ओढणीची घडी आणि त्यावर तीन कार्डं, भूतकाळ, वर्तमान, भविष्य. मालाडला चढणारी एक मैत्रीण, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, एक दिवस हळूच म्हणाली की छातीत गाठ लागतेय, आंघोळ करताना हाताला आली, बघ ना काही गंभीर नाही ना. मी कार्डं काढली. तिसरं आलं सूर्याचं. पिवळाधमक सूर्य, खाली पांढऱ्या घोड्यावर बसलेलं उघडं बाळ, मागे भिंतीवरून डोकावणारी सूर्यफुलं. अख्ख्या डेकमधलं, म्हणजे पत्त्यांच्या संचातलं, सगळ्यात प्रसन्न कार्ड. मी तिचा हात दाबला आणि म्हणाले, बघ, सगळं चांगलंय. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला तो मला अजून दिसतो, मला किती बरं वाटलं तेही आठवतं. ती म्हणाली मग आता गणपती होऊन जाऊ देत, मग जाते डॉक्टरकडे. गेली ती अनंत चतुर्दशीनंतर, म्हणजे सहा आठवड्यांनी.

गाठ साधी निघाली. देवाची कृपा. आणि मग जे झालं त्याने मी जास्त हादरले, कारण अख्खा ग्रुप म्हणाला बघ, तुझं कार्ड खरं ठरलं. मैत्रिणीने पेढे आणले, त्यातला पहिला मला दिला. मला तो गिळवेना. साधी निघाली म्हणून मी शहाणी ठरले, तशी निघाली नसती तर? तेच कार्ड, तेच माझे शब्द, तेच सहा आठवडे, आणि एका बाईच्या उपचाराला सहा आठवडे उशीर. मी जे केलं त्यात काडीचाही फरक नाही, फरक फक्त लॅबच्या रिपोर्टमध्ये. म्हणून ग्रुपवर जेव्हा कोणी लिहितं की मला सांगितलेलं खरं ठरलं, किंवा कोणी लिहितं की खोटं ठरलं, तेव्हा दोघांनाही सांगावंसं वाटतं की ठरलं काय हा मापदंडच नाही. डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि पलीकडे सुखरूप पोचलो, याचा अर्थ डोळे मिटून रस्ता ओलांडावा असा होतो का?

आता काकांच्या बाजूने जेवढं भक्कम बोलता येईल तेवढं बोलते, कारण त्यांचा मुद्दा हलका नाहीये. जयंत नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, ज्योतिषांनी एवढंच सांगायचं की कुठली पत्रिका कोणाची. २७ जणांनी चाळीस-चाळीस पत्रिकांची उत्तरं पाठवली आणि सरासरी बरोबर आली ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. आमचे टॅरोवाले यावर म्हणतात की आम्ही ज्योतिषी नाही, आम्ही भविष्य सांगत नाही, मार्गदर्शन करतो. मीही हे वाक्य म्हणत आलेय. पण समोरची विचारते लग्न कधी होईल आणि आपण कार्ड बघून म्हणतो येत्या सहा-आठ महिन्यांत हालचाल दिसतेय, तेव्हा ते काय असतं? चाचणीची वेळ आली की मार्गदर्शन आणि पैसे घ्यायची वेळ आली की भविष्य, असं दोन्हीकडून नाही चालणार.

आणि खरं वाटतं त्याचं काय? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी तो किती जुळतो याला पाचपैकी सरासरी सव्वाचारच्या वर मार्क दिले. सगळ्यांना कागद एकच होता, आणि त्यातला मजकूर बराचसा एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून कधी कधी असुरक्षित वाटतं, हे वाक्य मी किती जणींना म्हणाले असेन याची गणती नाही, आणि एकही जण नाही म्हणाली नाही. फसवायचं म्हणून नाही म्हणाले, मला ते कार्डात खरंच दिसायचं. हेच लोकांना पटत नाही की वाचणारा बहुतेक वेळा आधी स्वतः फसलेला असतो. रे हायमन नावाचे मानसशास्त्रज्ञ तरुणपणी हात बघून पैसे कमवायचे आणि त्यांचा स्वतःचा हस्तरेषांवर पूर्ण विश्वास बसला होता. एका अनुभवी मित्राने सुचवलं की रेषा जे सांगते त्याच्या बरोबर उलट सांगून बघ. त्यांनी बघितलं, आणि लोक तितकेच थक्क झाले, इतकं बरोबर कसं काय सांगितलंस म्हणाले. हे वाचल्यावर मी माझ्या मोठ्या बहिणीवर तेच केलं. जे कार्ड आलं त्याचा अर्थ सोडून भलत्याच कार्डाचा अर्थ सांगत गेले, अर्धा तास. ताई रडली, म्हणाली तुला कसं कळतं गं माझ्या मनातलं. मी तिला लगेच सांगितलं काय केलं ते, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

इतिहासाचं म्हणाल तर तिथेही काका जिंकतात. आमच्या क्लासमध्ये सांगितलं गेलं की टॅरो हे इजिप्तच्या पुजाऱ्यांचं हजारो वर्षांचं गुप्त ज्ञान आहे. वस्तुस्थिती अशी की हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेरारा या भागातल्या दरबारांत खेळायला म्हणून निघाले, जसे आपल्याकडे गंजिफा, सावंतवाडीत अजून हाताने रंगवतात तसे. तीनशेहून जास्त वर्षं ते मुख्यतः खेळण्याचेच पत्ते होते, फ्रान्समध्ये तो खेळ आजही चालतो. इजिप्तची गोष्ट १७८१ मध्ये पॅरिसच्या कूर द जेबलँ या विद्वानाने छापली, आणि तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कोणालाच वाचता येत नव्हती, ती शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने उलगडली १८२२ मध्ये. आज मुंबईत शंभरातल्या बहुतेक जणी ज्या डेकवर शिकतात, तो रायडर-वेटचा डेक १९०९ मध्ये लंडनमध्ये छापला. कल्पना आर्थर वेटची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. ७८ च्या ७८ कार्डं तिने काढली, त्यातली ४० आकडी कार्डं आधीच्या बहुतेक डेक्समध्ये आपल्या पत्त्यांसारखी नुसती ठिपक्यांची असायची, पाच पेले म्हणजे पाच पेले, तिने त्यातल्या बहुतेकांत माणसं आणली, प्रसंग आणला. आम्ही ज्याला कार्डाचा अर्थ म्हणतो तो बराचसा त्या बाईच्या हातातून उतरलाय. मला यात टॅरोची किंमत कमी झाल्यासारखं वाटत नाही, उलट ते चित्र काढणारं माणूस होतं हे कळल्यावर मी कार्डाकडे जास्त नीट बघायला लागले. पण जी बाई शिष्याला इजिप्त सांगते ती खोटं शिकवते, कळत असो वा नकळत.

एवढं सगळं मान्य केल्यावर काका म्हणतील, मग उरलं काय, बंद करा. इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. त्यांचा समज असा की खोटा दावा काढून टाकला की खाली काहीच शिल्लक राहत नाही. ज्या जेबलँने इजिप्तची गोष्ट छापली तोच माणूस मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या चुंबकीय उपचारांचा मोठा समर्थक होता. मेस्मर म्हणायचा माणसाच्या शरीरात एक अदृश्य द्रव वाहतो, तो मी हाताने वळवतो आणि रोग बरे होतात, अर्ध्या पॅरिसची त्याच्याकडे रीघ. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली, त्यात अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होता. त्यांनी लोकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला की असला कुठलाही द्रव नाही, जे होतं ते कल्पनेमुळे होतं. विषय संपला? नाही संपला. साठेक वर्षांनी जेम्स ब्रेड नावाच्या डॉक्टरने द्रवाची भानगड पूर्ण सोडून दिली, माणूस एकाग्र झाला की त्याला काय होतं एवढंच बघितलं आणि त्याला हिप्नोटिझम हे नाव दिलं. समितीने दावा पाडला, पण त्या खोलीत माणसांना काहीतरी होत होतं हे खरं होतं, आणि ते कामाला आलं दावा सोडणाऱ्याच्या हातात. टॅरोच्या टेबलावर काय होतं हे बघायचं असेल तर आधी दावा सोडावा लागतो, पण बघूच नका म्हणणं हेही तितकंच चूक आहे.

काय होतं ते सांगते. तलवारींचं अठ्ठं म्हणून एक कार्ड आहे. एक बाई उभी आहे, डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती दोर गुंडाळलाय, आजूबाजूला जमिनीत आठ तलवारी रोवलेल्या. एक मुलगी माझ्याकडे आली होती, नवीन लग्न झालेलं, दहा मिनिटं सगळं मस्त आहे, सासरचे खूप चांगले आहेत हेच चाललेलं. हे कार्ड आलं आणि मी अर्थ सांगायच्या आधी विचारलं, तुला यात काय दिसतं. बराच वेळ बघून ती म्हणाली, तिचे पाय बांधलेले नाहीत. मग थांबून म्हणाली, मोबाईल पण विचारून घ्यावा लागतो मला. त्यानंतर तास-दीड तास ती बोलली आणि मी एकही अर्थ सांगितला नाही. जे आईला सांगता आलं नव्हतं, मैत्रिणीला सांगता आलं नव्हतं, ते तिने चित्रातल्या बाईबद्दल बोलता बोलता सांगितलं, कारण माझ्या डोळ्यांत बघावं लागत नव्हतं, बघायला टेबलावर तिसरं काहीतरी होतं. यात गूढ काही नाही. मानसशास्त्रात शाईचे डाग दाखवून काय दिसतं विचारायची पद्धत रॉर्शाखने १९२१ मध्ये मांडली, चित्र दाखवून त्यावर गोष्ट सांगायला लावायची चाचणी १९३५ ची, आणि त्या चाचण्या किती भरवशाच्या यावर खुद्द मानसशास्त्रज्ञांत वाद आहेत. पण चित्राने माणूस बोलता होतो इतपत कोणी नाकारत नाही. फरक एवढाच की तिथे कोणी म्हणत नाही की डागाला तुमचं भविष्य माहितीये.

मग दुसऱ्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा येतो, आणि तो मला रात्री झोपू देत नाही. लोक म्हणतात, अगं पण जाणार कुठे माणसं? माझ्या मावसबहिणीने गेल्या वर्षी काउन्सेलरला एका सेशनचे अठराशे दिले, चार सेशननंतर सोडून दिलं कारण पगारच तीस हजार. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं त्यात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत असं दिसलं. वेड्यांच्या डॉक्टरकडे जातेस का हे ऐकायची भीती वेगळीच. टॅरोवालीकडे जायला लाज वाटत नाही, मजा म्हणून गेले होते म्हणता येतं, तेवढं तरी बोलणं होतं, तेही का काढून घेता? हे खरं आहे. मी ज्यांच्यासाठी कार्डं काढली त्यातल्या निम्म्या जणींना कार्डं नको होती, कोणीतरी अर्धा तास फोनकडे न बघता ऐकून घ्यावं एवढंच हवं होतं. पण हा युक्तिवाद नेमका उलटा लावला जातो. गावात डॉक्टर नाही म्हणून लोक कंपाउंडरकडे जातात, ते समजू शकतं, पण त्यामुळे कंपाउंडरची जबाबदारी कमी होते की वाढते? ज्याच्याकडे दुसरा दरवाजाच नाही असा माणूस आपल्यासमोर बसलाय हे माहीत असताना आपण त्याला म्हणायचं की शुक्रवारी काळी मेणबत्ती लाव, हा क्रिस्टल घे अकराशेचा? उपचार मिळत नाहीत म्हणून टॅरो चालू द्या असं म्हणणाऱ्याने दोन रविवारच्या क्लासमध्ये एक तास तरी यासाठी ठेवायला हवा ना, की समोरची म्हणाली मला जगावंसं वाटत नाही तर काय करायचं. माझ्या क्लासमध्ये हा शब्दही निघाला नाही. उलटं कार्ड आलं तर काय, यावर मात्र अख्खी दुपार गेली. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन २०२२ पासून आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास. हा नंबर मला टॅरो शिकल्यावर तीन वर्षांनी कळला, आणि त्या तीन वर्षांत माझ्यासमोर कोण कोण बसून गेलं ते आठवलं की पोटात खड्डा पडतो.

पैसे देणारा सज्ञान आहे, त्याला कळतं, तुम्ही कोण सांगणारे, असंही म्हणतात. सज्ञान माणसाची संमती मला मान्य आहे, पण संमती कशाला ते त्याला कळलेलं असेल तर. माझ्या मैत्रिणीने त्या सकाळी संमती दिली होती, पण कशाला? तिच्या मते ती एका जाणकाराचं मत घेत होती. मी तिला आधी म्हणाले असते की हे चित्रांचे पत्ते आहेत, तुझ्या गाठीबद्दल यांना आणि मला शून्य माहिती आहे, तर तिने विचारलंच नसतं, किंवा विचारलं असतं आणि तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेली असती.

आपला कायदा याबाबत जेवढा शहाणा आहे तेवढे आपण भांडताना नसतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ज्योतिषांचा सल्ला, अगदी नंदीबैलवाल्यांचासुद्धा, स्पष्ट वगळलाय, म्हणजे कोणी काय मानावं यात कायदा शिरत नाही. पण कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला डॉक्टरी उपचारांपासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. म्हणजे कायद्याने बोट ठेवलं ते मानण्यावर नाही, माणूस आणि उपचार यांच्या मध्ये उभं राहण्यावर. मी कोणाला रोखलं नव्हतं, मी फक्त एक पिवळं कार्ड दाखवून हात दाबला होता. कायद्याच्या दृष्टीने माझा काहीच गुन्हा नाही. पण मध्ये मी उभी होते, सहा आठवडे.

अजून एक गोष्ट बोलायलाच हवी. दादरला फूटपाथवर पोपटवाला बसायचा तेव्हा आम्ही हसायचो, लोकलच्या डब्यातले बाबा बंगालीचे स्टिकर वाचून आजही हसतात लोक. माझी आजी सिंधुदुर्गातली, तिच्या गावी अजून देवळात कौल लावतात, गुरव देवाला कळ्या लावतो, उजवीकडची पडली की होय, डावीकडची पडली की नाही. मी कॉलेजात असताना आजीला यावरून किती बोलले होते. आणि मग वीस वर्षांनी साडेसहा हजार भरून एसी हॉलमध्ये इटलीचे पत्ते शिकले, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं. कौलाला निदान काही आडकाठी असते, चारचौघांसमोर लावतात, गुरव एकटा खोलीत बसवून घाबरवत नाही. बंद दाराआड, एकास एक, पैसे घेऊन, कितीही वेळा, कुठल्याही प्रश्नावर, ही रीत नवीन आहे आणि तिला कसलीच आडकाठी नाही. इंग्रजीत बोललं जातं आणि सोबत चांगली कॉफी मिळते म्हणून ती जास्त सुधारलेली ठरते का?

मी आता जे पाळते ते असं. बसल्या बसल्या आधी सांगते की या पत्त्यांना काही माहीत नसतं आणि मलाही नाही, आपण फक्त चित्र बघून बोलणार आहोत. तब्येतीवर कार्ड काढत नाही, दिवस राहतील का यावर नाही, कोर्टाच्या निकालावर नाही, आणि समोर नसलेल्या माणसाबद्दल तर अजिबात नाही, म्हणजे नवऱ्याचं बाहेर काही आहे का हे विचारलं की मी पत्ते गोळा करते. तोच प्रश्न घेऊन महिन्याभरात कोणी परत आलं तर काढत नाही, कारण तेव्हा ती कार्डांवर टेकायला लागलेली असते. उपाय म्हणून काही विकत नाही. हे सुरू केल्यावर नेहमी येणाऱ्या अकरा जणींपैकी सात जणी यायच्या थांबल्या. एकीने तोंडावर सांगितलं, मला ठाम सांगणारं कोणीतरी हवंय, तू तर मलाच विचारतेस. तिचा राग मला समजतो. घरात कर्ज, मुलाची बारावी, सासऱ्यांचं आजारपण, सगळ्याचे निर्णय एकटीने घेणाऱ्या बाईला एका संध्याकाळी तरी दुसऱ्या कोणी ठरवून द्यावंसं वाटणारच. पण मी ठरवून दिलं असतं तर कशाच्या जोरावर दिलं असतं? उरल्या त्या चौघी अजून येतात.

आणि शिकवणाऱ्या बायांनी हे शिकवावं म्हटलं की उत्तर येतं, असं सांगितलं तर क्लासला येणार कोण. कमी येतील. मला तरी सहा वर्षांपूर्वी कोणी असं सांगितलं असतं तर कदाचित मी साडेसहा हजार भरले नसते, किंवा भरले असते आणि ऐकायला शिकले असते, अर्थ पाठ करत बसले नसते. ७८ अर्थ पाठ व्हायला दोन आठवडे लागतात, गप्प बसायला मला चार वर्षं लागली.

काल मी मंडळाच्या अध्यक्षा ताईंना पत्र दिलं. क्लास होऊ द्या, हॉलही द्या, पण नोटिशीतला 'भविष्याचा वेध' हा शब्द काढा, सर्टिफिकेट देऊ नका आणि दुसऱ्या रविवारी मला एक तास द्या, मी लेडीज डब्यातली गोष्ट सांगेन. अंधेरीच्या बाईंना हे चालेल का माहीत नाही, ताई म्हणाल्या विचारते. पत्राची एक प्रत बी विंगमध्ये काकांच्या दारात टाकली. रात्री त्यांचा फोन आला, पाऊण तास बोललो, त्यांना अजूनही वाटतं क्लास होऊच नये, मला पटवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, दुसऱ्या रविवारी किती वाजता आहे तुझा तास, मी मागे बसतो, मला प्रश्न विचारू देशील ना. मी हो म्हणाले.